साक्ष आणि पत्ता : ‘मॉरोविंड’पासून ‘ऑब्लिव्हियन’पर्यंत

१/
एका देवाने स्वतःच्याच धर्मग्रंथात आपल्या अपराधाची कबुली दडवून ठेवली आहे. ती वाचावी अशी कोणाची आज्ञा नाही, वाचणाऱ्याला बक्षीस नाही आणि न वाचणाऱ्याचे काही अडत नाही. हा ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्हिडिओ गेममधला. चार वर्षांनी त्याच मालिकेचा पुढचा भाग आला आणि त्यातही असाच एक कूटलेख होता. तो उकलला की मात्र हाती एक पत्ता लागतो. या दोन कूटलेखांच्या मधल्या अंतरात भूतकाळाकडे पाहण्याच्या दोन निरनिराळ्या रीती उभ्या आहेत. त्यांच्याविषयी हा दीर्घ धागा.

२/
मालिकेचे नाव ‘द एल्डर स्क्रोल्स’, निर्माती संस्था अमेरिकेतील बेथेस्डा. मालिकेचा तिसरा भाग ‘मॉरोविंड’ मे २००२ मध्ये आला, चौथा भाग ‘ऑब्लिव्हियन’ मार्च २००६ मध्ये. दोन्ही ‘ओपन-वर्ल्ड’ प्रकारातले रोल-प्लेइंग गेम. म्हणजे खेळाडूने पात्र घडवायचे, कल्पित प्रदेशात हवे तिकडे भटकायचे आणि कथानकाचा माग हवा तेव्हा घ्यायचा. दोन्हींची भूमी टॅम्रिएल हे काल्पनिक खंड. दोन्हींचा नायक आरंभी अनामिक कैदी असतो आणि दोघांच्या सुटकेमागे एकच सम्राट, युरिएल सेप्टिम सातवा, असतो. कथेतील काळात दोहोंमध्ये केवळ सहा वर्षांचे अंतर आहे.

३/
निर्मातेही बव्हंशी तेच होते. केन रोल्स्टन दोन्हींचे प्रमुख रचनाकार, जेरेमी सोल दोन्हींचे संगीतकार, टॉड हॉवर्ड दोन्ही प्रकल्पांच्या शीर्षस्थानी. त्यामुळे ‘जुने प्रतिभावंत गेले आणि नवे बाजारू आले’ असे सोपे स्पष्टीकरण येथे पुरे पडत नाही. त्याच हातांनी चार वर्षांत इतकी वेगळी कृती का घडवली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

४/
१९९६ सालच्या ‘डॅगरफॉल’ या दुसऱ्या भागात संगणकाने आपोआप रचलेला अवाढव्य प्रदेश होता. गावांमागून गावे, पण एकाचा चेहरा दुसऱ्याहून फारसा वेगळा नाही. त्यानंतर १९९७ आणि १९९८ साली आलेले दोन गेम अपेक्षेप्रमाणे चालले नाहीत आणि कंपनी आर्थिक अडचणीत सापडली. १९९९ मध्ये झेनिमॅक्स ही नवी मूळ कंपनी उभी राहिली. ‘मॉरोविंड’ घडला तो या पडझडीनंतर. आता विस्ताराऐवजी घनतेचा मार्ग स्वीकारला गेला. एकच बेट निवडायचे आणि त्यातील खडक, झोपडी, थडगे हाताने मांडायचे असे ठरले.

५/
त्या बेटाचे नाव व्हार्डेनफेल. मध्यभागी ‘रेड माउंटन’ हा ज्वालामुखी, भोवती राखेची वैराणे, झाडांऐवजी महाकाय छत्रे आणि वाहतुकीला ‘सिल्ट स्ट्रायडर’ नावाचे पोकळ केलेल्या पाठीचे प्रचंड कीटक. येथील डनमर लोक साम्राज्याचे अंकित आहेत, परंतु ते अंकितत्व लढून हरल्याचे नसून तहाने आलेले आहे. म्हणून किल्ल्यांत सम्राटाची फौज असली तरी सरदार घराणी आणि धर्मपीठ यांची सत्ता अबाधित आहे. साम्राज्यात इतरत्र निषिद्ध असलेली गुलामगिरी येथे तहाच्या कलमांमुळे चालू राहिली आहे. वसाहतीच्या इतिहासाचा अभ्यास केलेल्या वाचकाला ही व्यवस्था ओळखीची वाटेल.

६/
या साऱ्या रचनेच्या तळाशी एक घटना आहे. कथेच्या काळापूर्वी सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी रेड माउंटनवर युद्ध झाले. त्यात ड्वेमर ही संपूर्ण जमात क्षणार्धात नाहीशी झाली. डनमरांचा सेनानी नेरेवार मरण पावला. पुढे त्याचे तीन सल्लागार, आल्मालेक्सिया, सोथा सिल आणि व्हिवेक, देवत्वाला पोहोचले. आजचे धर्मपीठ याच त्रयीच्या उपासनेवर उभे आहे. तेव्हा ‘नेरेवार कसा मेला?’ हा प्रश्न पुराणाचा राहत नाही, तो राज्य कोणाचे याचा प्रश्न होतो.

७/
उत्तरे अनेक आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. धर्मपीठ सांगते की सेनानी युद्धातील जखमांनी मेला आणि त्रयीला देवत्व मिळाले ते सदाचाराने व साधनेने. राखेच्या प्रदेशातील भटक्या ॲशलँडर जमाती सांगतात की त्रयीनेच कट करून त्याला विष घातले, आणि ही वार्ता त्याचा ढालकरी सोबती अलांद्रो सुल याने डोंगरातून आणली. पहिली हकीकत मंदिरांत शिकवली जाते. दुसरी तंबूंमध्ये आजीच्या तोंडून नातवाकडे जाते. सत्तेच्या बाजूने लेखन आणि पराभूतांच्या बाजूने स्मृती, अशी ही विभागणी आहे.

८/
‘मॉरोविंड’ची खरी सूक्ष्मता येथून पुढे दिसते. धर्मपीठाच्या ग्रंथांचे दोन वर्ग आहेत: लोकांसाठीचे ‘हायरोग्राफा’ आणि पुरोहितांनी आपल्यापुरते राखलेले ‘ॲपोग्राफा’. विषप्रयोगाची ॲशलँडर कथा लेखी रूपात मिळते ती या दुसऱ्या वर्गात. म्हणजे जी कथा बाहेर पाखंड ठरवली गेली, तिची नक्कल दप्तरात जपून ठेवलेली आहे. बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद मराठी वाचकाला वि. का. राजवाडे यांच्या पिढीपासून परिचित आहे. येथे त्याही पुढचा धडा मिळतो. कागद कोणी लिहिला याच्या जोडीला तो कोणी, कोठे आणि कोणापासून लपवून ठेवला, हेही विचारावे लागते.

९/
मुख्य कथानकाचा पूर्वार्ध म्हणजे जवळजवळ संशोधनप्रकल्पच आहे. सम्राटाचा हेर केयस कोसाडेस खेळाडूला पहिल्यांदा तलवारबाजीपेक्षा माहिती गोळा करायला पाठवतो. एका जाणकारासाठी ड्वेमर अवशेषांतून एक पेटी शोधून आणायची आणि मोबदल्यात त्याची टिपणे घ्यायची. मग व्हिवेक नगरीत तीन खबऱ्यांना गाठायचे. त्यांतील एक, मेहरा मिलो, धर्मपीठाच्या ग्रंथालयात काम करते आणि एका बंदी घातलेल्या पुस्तकाची प्रत मिळवायला सांगते. ते पुस्तक असंतुष्ट पुरोहितांचे असते आणि अधिकृत इतिहासावरील आक्षेप त्यात क्रमवार मांडलेले असतात.

१०/
पुढे ॲशलँडरांची ज्ञानी स्त्री निबानी माएसा भविष्यवाण्या सांगते आणि हेही सांगते की त्यांतील काही पिढ्यांच्या ओघात हरवल्या आहेत. मौखिक परंपरेची ही मर्यादा ती स्वतःहून मान्य करते. हरवलेले भाग शेवटी सापडतात ते होलामायान या आडबाजूच्या मठात, छळामुळे दडून राहिलेल्या त्याच असंतुष्ट पुरोहितांपाशी. तंबूने जे विसरले ते मठाने लिहून ठेवले होते, आणि मठाला ज्याचा अर्थ लागत नव्हता तो तंबूला ठाऊक होता. दोन दुर्बल पुरावे एकत्र आल्यावरच चित्र उभे राहते.

११/
खेळण्याची यंत्रणाही याच वृत्तीची आहे. कोठे जायचे हे दाखवणारा बाण ‘मॉरोविंड’मध्ये नाही. अमुक किल्ल्यापासून पूर्वेला वळा, खोऱ्यावरचा जुना पूल ओलांडा, असे कोणीतरी सांगते आणि ते रोजनिशीत उतरते. सांगणारा कधी त्रोटक बोलतो, कधी चुकीचेही सांगतो. मूळ आवृत्तीतील रोजनिशी केवळ तारखेच्या क्रमाने भरत जाई, इतकी की शंभर पानांनंतर हवी ती नोंद सापडणे दुरापास्त होई. त्याच वर्षी आलेल्या ‘ट्रिब्युनल’ या पुरवणीत मोहिमेनुसार नोंदी पाहण्याची सोय करावी लागली. गैरसोय खरी होती. पण प्रत्येक वाक्य पारखून घेण्याची सवय त्या गैरसोयीनेच लावली.

१२/
अखेरीस खेळाडू प्रत्यक्ष व्हिवेकसमोर उभा राहतो. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा साक्षीदार जिवंत आहे, तेव्हा आता तरी निकाल लागावा! व्हिवेक आपले लेखी निवेदन देतो. ड्वेमरांच्या अवजारांना हात न लावण्याची शपथ त्रयीने घेतली होती आणि नेरेवारच्या मृत्यूनंतर ती मोडून देवत्व मिळवले, हे त्यात मान्य केलेले आहे. साधनेची कथा तेथेच कोसळते. पण तो मृत्यू नेमका कसा झाला, या जागी लेखणी चटकन पुढे सरकते. कबुलीजबाबातही एक गाळलेली जागा राहते.

१३/
ती जागा कोठे भरली जाते? बेटावर विखुरलेल्या ‘व्हिवेकच्या छत्तीस प्रवचनां’त. मायकेल कर्कब्राइड यांनी लिहिलेली ही प्रवचने गूढ, उद्दाम आणि पुष्कळदा दुर्बोध आहेत. एकोणतिसाव्या प्रवचनात प्रत्येक प्रवचनासाठी एकेक अंक दिला आहे. त्या अंकानुसार शब्द मोजत गेले की एक निवेदन जुळून येते: तो जन्माने देव नव्हता, त्याने हा मार्ग स्वेच्छेने निवडला आणि सेनानीचा खून केला. छत्तिसाव्या प्रवचनातील परिच्छेदांची आद्याक्षरेही ‘अधम हत्या’ या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द देतात. आरंभी उल्लेखिलेली कबुली ती हीच.

१४/
गेममधील कोणतेही पात्र या कूटलेखाकडे बोट दाखवत नाही. तो वाचल्याने कथानकात काही बदलत नाही. शिवाय व्हिवेक हा कवी आहे आणि आपले आयुष्य सोयीने पुन्हा लिहिण्याची त्याची ख्याती आहे, तेव्हा कबुलीदेखील वाङ्मयीन रचना असू शकते. खेळाडू नेरेवारचा अवतार आहे की सम्राटाने राजकीय सोयीसाठी पुढे केलेला सोंगाड्या, हाही प्रश्न असाच उघडा राहतो. त्याच्याआधी तोच दावा करून अयशस्वी ठरलेल्यांचे आत्मे त्याला गुहेत भेटतात. निर्णय त्याचा त्यानेच करायचा असतो.

१५/
आता ‘ऑब्लिव्हियन’. सायरोडील हा साम्राज्याचा मध्यवर्ती प्रांत. कोठडीतून सुटलेल्या कैद्याच्या डोळ्यांदेखत सम्राटाचा खून होतो. त्याचा अज्ञात पुत्र मार्टिन याला शोधायचे, राजचिन्ह असलेला रत्नहार परत मिळवायचा आणि दुसऱ्या लोकातून उघडणारी अग्निद्वारे बंद करायची. खून कोणी केला, वारस कोण, शत्रू कोण, या कशाविषयीही संदिग्धता नाही. सम्राटाला पॅट्रिक स्टुअर्ट यांचा आवाज आहे, मार्टिनला शॉन बीन यांचा. सारे काही भव्य आणि स्पष्ट आहे.

१६/
या गेमने जे दिले ते थोडे नव्हते. ‘मॉरोविंड’मधील माणसे दिवसरात्र एकाच जागी खिळून उभी असत. ‘ऑब्लिव्हियन’मधील माणसे उठतात, जेवतात, कामावर जातात, देवळात बसतात, रात्री दार लावून झोपतात. आधीच्या भागात तलवार शत्रूच्या अंगाला लागलेली दिसे आणि पडद्याआडच्या फाशांच्या हिशेबात ती चुकलेली ठरे. येथे घाव दिसला म्हणजे लागला. अरण्यात प्रकाश झिरपतो, वस्तू आपल्या वजनाने कोसळतात आणि प्रत्येक पात्र आवाजात बोलते. पहिल्या गेमला समृद्ध भूतकाळ होता. वर्तमानकाळ प्रथम आला तो दुसऱ्यात.

१७/
मात्र त्या वर्तमानाची किंमत भूतकाळाने मोजली. ‘मॉरोविंड’चे संवाद मुख्यतः लिखित होते. एखाद्या पुरोहिताला दहा परिच्छेद बोलते करायला लेखकाच्या वेळेपलीकडे खर्च नव्हता. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये प्रत्येक वाक्य नटाकडून ध्वनिमुद्रित करून डिस्कवर बसवायचे होते. साहजिकच संवाद आखूड झाले आणि मोजक्या नटांचे आवाज शेकडो मुखांतून ऐकू येऊ लागले. मतभेद मांडायला शब्द लागतात. एकाच घटनेच्या चार परस्परविरोधी हकीकती चार जणांच्या तोंडी घालणे आता महाग होते. संदिग्धता अशी प्रथम अंदाजपत्रकातून वगळली गेली.

१८/
दुसरा बदल बाणाचा. ‘ऑब्लिव्हियन’च्या पडद्यावर होकायंत्र आहे आणि त्यावर पुढच्या मुक्कामाची खूण. मोठी शहरे नकाशावर आरंभापासून उघडी असून तेथे एका क्षणात पोहोचता येते. वाट विचारावी लागत नाही, म्हणून सांगणाऱ्याचे म्हणणे पारखावेही लागत नाही. खूण कधी खोटे बोलत नाही. ‘मॉरोविंड’मध्ये माहिती देणारा प्रत्येक जण कोणीतरी असे, त्याची जात, पंथ, स्वार्थ असे. येथे माहिती गेमकडूनच येते, आणि गेमला कोणताही पक्ष नाही.

१९/
याच संदर्भात दुसरा कूटलेख पाहावा. हत्येमागील पंथाचा गुरू मँकर कॅमोरान याने चार खंडांचे भाष्य लिहिले आहे. चारही खंड मिळवून परिच्छेदांची आद्याक्षरे क्रमाने लावली की एक वाक्य तयार होते, आणि ते वाक्य राजधानीतील एका रस्त्याकडे, विशिष्ट स्थळी भर दुपारी येण्यास सुचवते. तेथे थडग्यावर नकाशा उजळतो आणि पंथाचा अड्डा सापडतो. हा प्रसंग रंगतदार आहे यात शंका नाही. पण खेळाडूला उकल जमली नाही तर विद्यापीठातील विदुषी तार-मीना मदतीला तयार असते. कोणाचेही अडू नये, हे रचनेचे तत्त्व आहे.

२०/
तंत्र दोन्हीकडे जवळपास एकच, ग्रंथात दडवलेला ग्रंथ. पहिल्या गेममध्ये त्यातून निघते एक साक्ष, जिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे वाचणाऱ्याच्या विवेकावर सोडलेले आहे. दुसऱ्यात निघतो एक पत्ता, तो खरा असतो आणि तेथे पोहोचले की ग्रंथाचे काम संपते. साक्षीवर पिढ्यान्‌पिढ्या वाद होतो. पत्त्यावर वाद होत नाही. पुरावा एकदा साधन बनला की त्यातील माणूस निघून जातो.

२१/
कृतीच्या परिणामांबाबतही हेच घडले. ‘मॉरोविंड’मध्ये कथानकाला अत्यावश्यक असलेल्या माणसालाही ठार करता येते. मग गेम एवढेच बजावतो की भविष्यवाणीचा धागा तुटला आहे. मागे फिरा किंवा या भग्न जगात राहा. प्रत्यक्ष व्हिवेकला मारूनही शेवटापर्यंत जाण्याची एक अवघड आडवाट ठेवलेली आहे. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये महत्त्वाची माणसे मरत नाहीत, मूर्च्छित होतात आणि पुन्हा उठतात. पहिल्यात तीन सरदार घराण्यांपैकी एकच निवडावे लागे. दुसऱ्यात एकच माणूस सर्व संघांचा प्रमुख होऊ शकतो. निवडीला परिणाम नसेल तर तिला इतिहासही उरत नाही.

२२/
उत्तरभाग हा आधीच्या कृतीचा इतिहासकारही असतो. १९९८ साली ‘रेडगार्ड’ या गेमसोबत साम्राज्याची एक मार्गदर्शिका दिली होती. ती सरकारी प्रचाराच्या भाषेत लिहिलेली, आणि समासात विरोधी वाचकाच्या बोचऱ्या टिपा. त्या मार्गदर्शिकेत सायरोडील हे घनदाट उष्ण अरण्य आहे. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये मात्र ते युरोपीय वळणाचे सौम्य हवामान, कुरणे आणि ओकची झाडे घेऊन आले. कॅमोरानच्या भाष्यात ‘एकेकाळी येथे अरण्य होते’ असा सूचक उल्लेख तेवढा ठेवला आहे. सम्राटाने दैवी शक्तीने हवामान पालटले की जुना लेखकच चुकला, यावर चाहते आजही वाद घालतात.

२३/
तरीही ‘ऑब्लिव्हियन’ला एका गोष्टीचे श्रेय द्यावे लागेल. त्याचा नायक स्वतः इतिहासपुरुष नाही. जगाला वाचवतो तो मार्टिन, आणि तो प्राण देऊन वाचवतो. खेळाडू केवळ शेजारी उभा राहून पाहतो. ‘मॉरोविंड’मध्ये खेळाडू भूतकाळाचा संशोधक होता, येथे तो वर्तमानाचा प्रत्यक्षदर्शी आहे. ही भूमिका गौण असली तरी हलकी नाही. २००७ साली आलेल्या ‘शिव्हरिंग आइल्स’ या पुरवणीत जुना विक्षिप्तपणाही परतला, म्हणजे निर्मात्यांची कल्पकता आटलेली नव्हती. बदलली होती ती तिला मिळणारी जागा.

२४/
‘ऑब्लिव्हियन’च्या रस्त्यांवर माणसे एकमेकांशी बाजारगप्पा करतात. त्यांत एक अफवा अशी आहे की नेरेवारचा अवतार म्हणवणारा तो व्हार्डेनफेलचा वीर मोहिमेवर अकाव्हिर या दूर देशी गेला आणि परतला नाही. शंभर तास खर्चून, तंबू आणि मठ पालथे घालून घडवलेल्या त्या जीवनाची सहा वर्षांत एवढीच नोंद उरली. ही एकच जागा अशी आहे, जेथे दुसरा गेम कदाचित नकळत पहिल्याच्या भाषेत बोलतो. आता तो वीर स्वतःच ऐकीव माहिती झाला आहे.

२५/
एप्रिल २०२५ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ची नव्या चित्ररूपातील आवृत्ती आली. ‘मॉरोविंड’ मात्र मुख्यतः आपल्या वाचकांनी जिवंत ठेवला आहे. गेमसोबत दिलेल्या रचनासाधनाने ‘टॅम्रिएल रिबिल्ट’चे स्वयंसेवक दोन दशकांहून अधिक काळ मुख्य भूमीचे उरलेले प्रदेश घडवत आहेत, आणि नेरेवारच्या मृत्यूच्या हकीकती शेजारी शेजारी ठेवून आजही तपासल्या जातात. निकाल लागलेला नाही. त्या साक्षीसमोर बसणाऱ्या प्रत्येक नव्या वाचकाला तो खटला पुन्हा पहिल्यापासून ऐकावा लागतो.